कागदाचा उजेड राखणारं एचिंग: सॅम्युअल पामरच्या पद्धतीने निसर्गदृश्याची तांब्याची प्लेट

इंग्लिश चित्रकार सॅम्युअल पामरचं ‘द लोनली टॉवर’ हे १८७९ मधलं एचिंग जेमतेम १९ × २५ सेंटिमीटरचं आहे. एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा कोरून, त्या खाचांत शाई भरून कागदावर घेतलेला छाप. टेकडीवर एकाकी बुरूज, त्याच्या खिडकीत दिवा, क्षितिजालगत चंद्रकोर, वर सप्तर्षी. खाली मेंढरं आणि मेंढपाळ, एक बैलगाडी, दरीवरून उडणारं घुबड. दृश्य रात्रीचं, त्यामुळे जवळजवळ सगळा कागद गडद दिसतो. पण भिंग लावून पाहिलं तर सपाट काळी जागा फार थोडी सापडते. सगळीकडे रेषांची जाळी आहे आणि जाळीच्या भोकाभोकांतून कोरा कागद दिसतो. रात्र असूनही चित्र मिटलेलं वाटत नाही, ते या भोकांमुळे. पामरने पत्रांतही हेच सांगितलं आहे: एचिंगची खरी गोडी म्हणजे गडद छायेतूनही लुकलुकणारा पांढरा कागद.

या लेखातली प्रत्येक पायरी ती भोकं जिवंत ठेवण्यासाठी आहे. ग्राउंड (प्लेटवरचा ॲसिड अडवणारा मेणाचा थर), सुई, ॲसिड, शाई, दाब यांपैकी कुठेही हात सैल पडला की ती बुजतात आणि चित्र नुसतं काळं होतं.

पामर (१८०५–१८८१) एचिंगकडे उशिरा वळला. १८२४ मध्ये चित्रकार जॉन लिनेलने त्याची कवी-चित्रकार विल्यम ब्लेकशी गाठ घालून दिली. ब्लेकने रोमन कवी व्हर्जिलच्या शालेय आवृत्तीसाठी १८२१ मध्ये केलेली चिमुकली लाकूडकोरीव चित्रं त्याच्या मनात घर करून राहिली. केंटमधल्या शोरहॅम गावची त्याची गाजलेली चित्रं शाईतली आणि सेपियातली. एचिंगची सुई त्याने हातात घेतली ती १८५० मध्ये, लंडनच्या एचिंग क्लबात प्रवेश मिळवण्यासाठी. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्याच्या हातून पूर्ण झाल्या फक्त १३ प्लेट्स. व्हर्जिलच्या कवितांवरच्या आणखी चार प्लेट्स त्याच्या मृत्यूनंतर मुलाने, आल्फ्रेड हर्बर्टने, पुऱ्या केल्या. ‘द लोनली टॉवर’ इंग्लिश कवी मिल्टनच्या ‘इल पेन्सेरोसो’ या कवितेवर आहे. मध्यरात्री बुरुजात दिवा लावून सप्तर्षी मावळेपर्यंत जागणारा माणूस त्या कवितेत येतो. बुरूज मात्र सरी परगण्यातल्या लीथ हिलवरच्या बुरुजावरून सुचला असं मानतात, आणि त्याच परिसरात १८६१ मध्ये पामरचा थोरला मुलगा वारला होता.

तीस वर्षांत तेरा प्लेट्स हा आकडा लक्षात ठेवावा. ही पद्धत घाईची नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने १० × १५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नये.

प्लेट

आपल्याकडच्या स्टुडिओंत जस्ताची प्लेट आणि नायट्रिक ॲसिड हे समीकरण रुळलेलं आहे, कारण जस्त स्वस्त पडतं. या कामाला मात्र तांबंच घ्यावं. जस्तावर नायट्रिक खालून आणि बाजूनेही खातं, रेषेची कड फाटते, आणि बारीक जाळी दहा-पंधरा मिनिटांत कोसळते. तांब्यावर फेरिक क्लोराइड सरळ खाली उतरतं, त्यामुळे रेषांमधली भिंत टिकते.

पत्रा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा, कोल्ड रोल्ड आणि सपाट असावा. मुंबईत तांबाकाट्याला, पुण्यात तांबट आळीच्या परिसरात चौकशी केली तर मिळतो. दुकानदाराला ठोकीव पत्रा नको, लाटलेला हवा, हे आधीच सांगावं. मोठ्या कात्रीवर कापून घेतला तर कडेला बाक येतो, म्हणून हॅकसॉने कापलेला बरा.

पाण्यात बुडवलेला पॉलिशपेपर ४००, ६००, ८००, १२०० या क्रमाने फिरवा. प्रत्येक नंबर आधीच्या दिशेला आडवा घासायचा. आधीचे चरे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. शेवटी ब्रासो. नख ज्या चऱ्यात अडकतं तो छापात नक्की उमटतो, आणि आकाशात उमटला तर दिवसभराचं काम वाया जातं. मग चारही कडा कानसीने ४५ अंशांत उतरवा, एक ते दीड मिलिमीटर रुंद, आणि कोपरे किंचित गोल करा. धारदार कड राहिली तर प्रेसमध्ये कागद फाटतो आणि प्रेसवरची महागडी लोकरी नमदी कापली जातात.

आता प्लेटवरचा तेलकटपणा काढायचा. खडूची बारीक पूड आणि दोन-तीन थेंब सौम्य अमोनिया यांची पेस्ट करून कापसाने घासा, नळाखाली धुवा, प्लेट तिरपी धरा. पाणी अखंड पडद्यासारखं सरकलं पाहिजे. थेंब गोळा झाले तर बोटांचं तेल अजून आहे, पुन्हा घासा. ही परीक्षा टाळली तर ग्राउंड त्या जागी चिकटत नाही आणि ॲसिडात तिथूनच उचलला जातो. यानंतर प्लेटच्या पृष्ठभागाला बोट लावू नये, कडेनेच धरावी.

ग्राउंड

हार्ड ग्राउंडचं जुनं आणि भरवशाचं प्रमाण: मधमाशीचं मेण दोन भाग, अस्फाल्टची पूड दोन भाग, राळ एक भाग. १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि ५० ग्रॅम घेतले तर एका माणसाला दीर्घकाळ पुरतं. मेण दुहेरी भांड्यात वितळवा, राळेची पूड घाला, ती विरघळली की अस्फाल्ट थोडं थोडं घालत अर्धा तास ढवळा. विजेची शेगडी वापरा, उघडी ज्योत नको. खिडक्या उघड्या ठेवा. मिश्रण कोमट पाण्यात ओतून मळा आणि लिंबाएवढे गोळे करा. रस्त्याचं डांबर अस्फाल्टच्या जागी चालत नाही, ते नीट कडक होत नाही.

हे तिन्ही घटक वेगवेगळी कामं करतात. मेणामुळे ग्राउंड लवचीक राहतो, अस्फाल्ट ॲसिडला अडवतं, राळ कडकपणा देते. कोकणात किंवा विदर्भात मेमध्ये काम करत असाल तर ग्राउंड चिकट होतो आणि हाताचा तळवा त्यात रुततो; राळ थोडी वाढवावी. थंडीत ग्राउंड सुईखाली टवके उडवत असेल तर मेण वाढवावं. हिवाळ्यात बनवलेला ग्राउंड उन्हाळ्यात दगा देतो, तेव्हा ऋतूनुसार दोन गोळे वेगळे करून ठेवणं शहाणपणाचं.

प्लेट शेगडीवर ८० ते ९० अंशांपर्यंत तापवा. गोळा टेकवला की वितळून रेघ उमटली पाहिजे, पण धूर येता कामा नये. धूर आला म्हणजे मेण जळतंय, आणि असा ग्राउंड ठिसूळ होतो. पाच-सहा ठिकाणी रेघा ओढून चामड्याच्या रोलरने उभा-आडवा पसरवा. थर पातळ हवा. पसरल्यावर खालचं तांबं तपकिरी रंगातून दिसत राहिलं पाहिजे. जाड थरात सुई नांगरासारखी फिरते आणि जवळजवळच्या रेषांमधला ग्राउंड ढासळतो. आपल्या जाळीतली भोकं इथेच पहिल्यांदा मरतात.

नंतर काजळी. तीन-चार बारीक मेणबत्त्या एकत्र पिळून पेटवा, गरम प्लेट पक्कडीत उलटी धरा आणि ज्योत सतत फिरवत राहा. ज्योतीचं टोक लागावं, वातीने ग्राउंडला शिवू नये. पृष्ठभाग काळा आणि चकचकीत झाला की थांबा. मॅट, राखाडी डाग दिसला तर तिथे ग्राउंड जळला आहे; टर्पेंटाइनने सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करणं हाच उपाय. डागावर डाग लावून भागत नाही.

चित्र उतरवणं

मूळ चित्र पातळ कागदावर मऊ पेन्सिलने काढा. कागद किंचित ओला करून, पेन्सिलची बाजू खाली करून, ग्राउंडवर ठेवा आणि हलक्या दाबाने प्रेसमधून काढा. काळ्या ग्राउंडवर पेन्सिलची चंदेरी रेघ उमटते, तीही उलटी, त्यामुळे छापात चित्र मूळच्याच दिशेने येतं. प्रत्यक्ष रेखाटताना मूळ चित्र आरशासमोर ठेवून आरशात पाहावं.

फक्त मुख्य आकार उतरवा: टेकडीची कड, बुरूज, चंद्र, झाडांचे घोस. जाळी प्लेटवरच विणायची असते.

सुईचं काम

पिन व्हाइसमध्ये (सुई पकडणाऱ्या छोट्या मुठीत) बसवलेली शिलाई मशीनची सुई उत्तम. तिचं टोक बारीक दगडावर गोल फिरवून बोथट करा. ते कागदावर कुठल्याही दिशेला अडखळू नये. सुईने फक्त ग्राउंड काढायचा, तांबं खरवडायचं नाही. टोक धारदार असेल तर रेषेत कुठे ओरखडा पडतो, कुठे नाही, आणि ॲसिड त्या रेषा असमान खातं. उलट हात फार हलका पडला तर तळाशी ग्राउंडचा पापुद्रा राहतो आणि रेघ तुटक येते.

उजेड थेट पडला तर तांब्याची चमक डोळ्यांत जाते, म्हणून खिडकीवर किंवा दिव्यासमोर ट्रेसिंग पेपरचा पडदा लावा. हात टेकायला प्लेटच्या वरून आडवी लाकडी पट्टी ठेवा.

काळ्या ग्राउंडवर रेषा चमकदार दिसतात, आणि जितक्या जास्त रेषा तितकी ती जागा उजळ भासते. छापात हेच उलटं होतं. नवख्याचा हात त्यामुळे चंद्राजवळ जास्त आणि सावलीत कमी चालतो. मूळ चित्राचा गडद-फिका नकाशा चार-पाच पायऱ्यांत वेगळ्या कागदावर करून समोर लावावा आणि त्याच्यावरच विसंबावं.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची सूचना. जी जागा सर्वांत गडद हवी, तिथे रेषा जास्त दाट काढायच्या नाहीत. उलट थोड्या मोकळ्या काढायच्या. गडदपणा खोलीतून येतो आणि खोलीबरोबर रेघ रुंदही होते. आकाशातल्या रेषा चार मिनिटं खाल्ल्या जातील, त्या अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने चालतात. बुरुजाच्या सावलीतल्या रेषा तासभर ॲसिडात राहणार आहेत. त्यांत पाऊण ते एक मिलिमीटर अंतर लागतं. एवढं राखलं नाही तर दोन रेषांमधली भिंत कोसळते आणि तिथे उथळ खड्डा होतो. खड्ड्याच्या मधोमध शाई धरून ठेवायला काहीच नसतं, पुसताना ती निघून जाते आणि जिथे काळंकुट्ट हवं तिथे मळकट करडा डाग छापला जातो.

आकाश जवळजवळ आडव्या, किंचित वाकलेल्या रेषांनी विणा. त्यावर दुसरा थर काटकोनात न घेता १५ ते ३० अंशांत घ्या, म्हणजे भोकं लांबट पतंगाच्या आकाराची होतात आणि चौकोनी जाळीचा यांत्रिकपणा येत नाही. चंद्राच्या जवळ येताना रेषा एका कडेवर तोडू नका. आधी तुटक करा, मग ठिपके, मग काहीच नाही. झाडी ही रेषांची नव्हे, छोट्या वळशांची आणि टिंबांची. पानांच्या घोसाची वरची, चांदण्यातली कड कोरी सोडायची आणि खालून वर दाट होत जायचं. मेंढरांच्या पाठीही तशाच: पोटाखाली जाळी, पाठीवर दोन-चार टिंबं.

ताऱ्यांसाठी आकाश सलग विणून घ्यावं. मग ॲसिडात घालण्याआधी सर्वांत बारीक ब्रशने ॲसिड अडवणाऱ्या लाखेचा एकेक थेंब प्रत्येक ताऱ्याच्या जागी ठेवावा. असा तारा स्वच्छ, टोकदार येतो. नंतर बर्निशरने, म्हणजे तांबं घासून गुळगुळीत करणाऱ्या पोलादी हत्याराने, घासून काढलेला तारा धूसर होतो. ढगाआडच्या ताऱ्याला तो शोभतो, सप्तर्षींना नाही.

ॲसिड: थांबवत थांबवत

पामरच्या काळी इंग्लंडमध्ये नायट्रिक सर्रास चाले. त्यातून बुडबुडे येतात, बुडबुडा रेषेवर बसून राहिला तर तेवढी जागा खाल्ली जात नाही, म्हणून पिसाने ते सतत झाडावे लागत. शिवाय त्याची वाफ फुप्फुसांना घातक. घरच्या किंवा छोट्या स्टुडिओसाठी फेरिक क्लोराइड घ्यावं. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्डासाठी तेच वापरतात, त्यामुळे लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं.

निव्वळ फेरिकमध्ये रेषेच्या तळाशी गाळ बसतो आणि खाणं मंदावतं. त्यावर एडिंबरा एच नावाचं मिश्रण चांगलं: ४० टक्क्यांचं फेरिक क्लोराइड द्रावण चार भाग आणि सायट्रिक ॲसिडचं द्रावण एक भाग. हे दुसरं द्रावण तीन भाग कोमट पाण्यात एक भाग सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबू सत्त्व, विरघळवून करायचं. सायट्रिक गाळ विरघळवतं आणि रेघ स्वच्छ राहते. प्लॅस्टिकचं उभं भांडं घेऊन प्लेट त्यात उभी लटकवा आणि दर दहा मिनिटांनी एक चतुर्थांश फिरवा. हातमोजे, चष्मा आणि जुना ॲप्रन हवाच. फेरिकचा डाग कपड्यातून जात नाही. या भांड्यात जस्त किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा कधीही पडू देऊ नका. जोरदार उष्णता आणि हायड्रोजन वायू तयार होतो.

प्लेटची पाठ आणि कडा पॅकिंग टेपने झाका. ॲसिडचं खाणं हव्या त्या जागी थांबवण्यासाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, फ्रेंच पॉलिशपेक्षा दाट, व्हार्निश करा. टर्पेंटाइनमधलं व्हार्निश ग्राउंडलाच विरघळवतं, म्हणून ते टाळा. लाख पातळ झाली तर रेषांच्या खाचांतून लांबवर पळते आणि नको तिथे खाणं थांबवते. ब्रशवरून संथ ओघळण्याइतकी दाट ठेवा.

मुख्य प्लेटच्या आधी ३ × १० सेंटिमीटरची चाचणी पट्टी करायचीच. तिच्यावर तीन अंतरांची जाळी काढा, पाच भाग पाडा आणि ३, ६, १२, २४, ४८ मिनिटांना एकेक भाग लाखेने बंद करा. पट्टी छापून तिच्यावर तापमान आणि तारीख लिहून ठेवा. नागपूरच्या मेमध्ये आणि नाशिकच्या जानेवारीत एकच द्रावण फार वेगळ्या गतीने चालतं, त्यामुळे कुणाचेही आकडे, खालचेही, आपल्या पट्टीशी ताडूनच वापरावेत.

२५ अंशांच्या आसपास, ताज्या द्रावणात, आपल्या चांदण्या रात्रीच्या प्लेटसाठी सुरुवात अशी करता येईल:

१. सगळी प्लेट ४ मिनिटं. बाहेर काढून धुवा, टिपून वाळवा. चंद्राभोवतीचं आकाश आणि ढगांच्या उजळ कडा लाखेने बंद करा.
२. आणखी ५ मिनिटं, एकूण ९. उरलेलं आकाश आणि दूरच्या टेकड्या बंद.
३. आणखी ९, एकूण १८. मधली झाडी, मेंढरं, वाट बंद.
४. आणखी १७, एकूण ३५. बुरुजाचा मुख्य भाग आणि पुढची जमीन बंद.
५. आणखी ३०, एकूण ६५. आता उघडं आहे ते फक्त झाडाचे बुंधे, दरीचा तळ आणि बुरुजाची अंधारी कड.

वेळ दर पायरीला जवळपास दुप्पट होते. चार आणि नऊ मिनिटांतला फरक डोळ्याला जेवढा वाटतो, तेवढाच पस्तीस आणि पासष्ट मिनिटांत वाटतो. सारख्या अंतराने वेळ वाढवली तर गडद बाजूच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात.

प्रत्येक वेळी लाख पूर्ण वाळू द्या, किमान पंधरा मिनिटं. पावसाळ्यात अर्धा तास. पुन्हा बुडवण्याआधी प्लेट व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात काही सेकंद बुचकळून धुवा, म्हणजे उघड्या तांब्यावरचा काळपट थर निघतो आणि सगळ्या रेषा एकाच वेळी पुढे खाल्ल्या जातात.

लाखेची कड सरळ ओढू नका. तिथे छापात कापल्यासारखी पायरी दिसते, आकाशात तर फारच. कडेला ब्रशच्या टोकाने टिंबं देत, काही रेषा बंद आणि काही उघड्या ठेवत एका पायरीतून दुसरीत उतरायचं. पामरच्या आकाशातला उजेड सावकाश विरत जाताना दिसतो. तिथपर्यंत पोचायला या टिंबांचाच मार्ग आहे. माझ्या मते सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथे द्यावा, सुईपेक्षाही जास्त.

खोली पाहण्यासाठी दहापट भिंग घ्या आणि सुईचं टोक रेषेला आडवं हलकेच फिरवा. टोक अडखळू लागलं की रेघ छापण्याजोगी झाली. कुठे ग्राउंडमधून नको ते ठिपके खाल्ले जात असतील तर लगेच बाहेर काढून लाख लावा. असे ठिपके धूळ, तेलकट बोट किंवा फार पातळ ग्राउंड यांमुळे येतात.

पहिला प्रूफ आणि दुरुस्ती

लाख स्पिरिटने, ग्राउंड टर्पेंटाइन किंवा रॉकेलने पुसून प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढा. पहिला प्रूफ बहुधा फिका आणि जागोजागी रिकामा येतो, आणि तसा आलेलाच बरा. रेषा नंतर वाढवता येतात. बुजलेली भोकं परत आणणं फार कष्टाचं.

नव्या रेषा हव्या असतील तर प्लेट स्वच्छ करून, काजळी न देता, पारदर्शक पातळ ग्राउंड लावा. खालच्या रेषा दिसत राहतात आणि त्यांच्यामध्ये नेमकं काम करता येतं. आधीच्याच रेषा खोल करायच्या असतील तर कडक, गुळगुळीत रोलरवर ग्राउंडचा अगदी कमी थर घेऊन थंड प्लेटवर फिरवा. तो फक्त वरच्या पृष्ठभागावर बसतो, खाचा उघड्या राहतात. हे साधायला सराव लागतो, म्हणून आधी चाचणी पट्टीवर करून पाहा.

फार गडद झालेली जागा बर्निशरला तेलाचा थेंब लावून घासा. रेषांची तोंडं थोडी मिटतात आणि पायरीभर उजळपणा येतो. त्याहून जास्त हवं असेल तर तीनधारी स्क्रेपरने पातळ थर काढा, बारीक पॉलिशपेपर आणि बर्निशरने साफ करा, मग पाठीमागून हलके ठोकून खळगा वर आणा. ठोकला नाही तर त्या खळग्यात शाई साचून सावली उमटते.

कागद, शाई, पुसणं

कागद सुती हवा, २५० ते ३०० ग्रॅमचा, फार खळ नसलेला. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा पांढरा सुती कागदही करून पाहण्याजोगा आहे, मात्र गुळगुळीत बाजूचा घ्यावा. खरखरीत पोतात बारीक जाळी तुटते. अगदी शुभ्र कागदापेक्षा किंचित दुधाळ छटेचा कागद चांदण्याला शोभतो. वीस-तीस मिनिटं पाण्यात भिजवा, टिपकागदात दाबा आणि प्लॅस्टिकमध्ये रात्रभर ठेवा. छापताना पाण्याची चकाकी दिसता कामा नये, गालाला लावला तर गार लागावा. पावसाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवलेल्या ओल्या गठ्ठ्याला बुरशी धरते.

शाई एचिंगसाठीचीच, तेलातली काळी. थोडा तपकिरी रंग मिसळला तर काळेपणा ऊबदार होतो. प्लेट ३५ ते ४० अंशांवर गरम करा. उन्हाळ्यात त्याचीही गरज पडत नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्याने शाई चारही दिशांनी रेषांत दाबा. मग खळ लावलेल्या विरळ विणीच्या कापडाचा बोळा करून, गोलाकार, हलक्या हाताने पुसा. तीन बोळे ठेवा: पहिला जास्तीची शाई काढायला, दुसरा रेषा दिसू लागेपर्यंत, तिसरा स्वच्छ करायला. मऊ, धुतलेल्या कापडाने पुसू नये. ते खाचेत शिरून शाई बाहेर ओढतं. शेवटी तळव्याला खडूची किंचित पूड लावून झटकून टाका आणि प्लेटवरून हात वेगाने, जवळजवळ न टेकता, फिरवा. भोकांवरची शाईची झिलई निघते ती याच हाताने.

छपाईची एक युक्ती रेत्रुसाज नावाने ओळखली जाते: पुसलेल्या गरम प्लेटवर मऊ मलमल हलकेच फिरवली की रेषांतली शाई कडेला सांडते आणि सगळं मखमली दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचं फार वेड होतं. पामरने तिला ठाम मर्यादा घातली, कारण ती हाताबाहेर गेली की रेषांमधून डोकावणारे उजेडाचे बारीक डोळे विझतात. बुरुजाच्या पायथ्याशी किंवा दरीत बोटभर जागेत वापरायला हरकत नाही. आकाशात नको.

कडा स्वच्छ पुसा, प्लेट प्रेसवर ठेवा, कागद, वर पातळ आणि मग जाड नमदी. दाब इतका हवा की कागदाच्या पाठीवर मुख्य रेषा हाताला लागतील. रेषांत पांढरे खंड दिसले तर कागद कोरडा आहे किंवा दाब कमी. शाई रेषेबाहेर फुगून चकचकीत आली तर दाब जास्त किंवा शाई पातळ. थोडं मॅग्नेशियम कार्बोनेट घालून ती घट्ट करा. सगळीकडे करडा पडदा आला तर पुसणं अपुरं. फक्त बारीक आकाश फिकं आणि बाकी ठीक असेल तर पुसताना हात जड पडला.

छाप कोऱ्या टिपकागदांच्या मधोमध, फळ्यांखाली वाळवा. पहिले तीन-चार दिवस टिपकागद रोज बदला. ताज्या शाईवर आधी पातळ बटर पेपर ठेवा.

उरलेलं फेरिक आणि प्लेट

वापरून संपलेलं फेरिक मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना विषारी असतं आणि फेरिक धातूचे नळ खातं. मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा चमचा-चमचा घाला. फेस येतो, म्हणून घाई नको. पीएच पट्टीवर ७ ते ८ आलं की गाळ खाली बसतो. गाळ बंद डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या.

मनासारखा आलेला छाप नमुना म्हणून भिंतीला लावा आणि पुढचा प्रत्येक छाप त्याच्याशेजारी धरून पाहा. तांब्याची प्लेट झिजते, आणि सर्वांत उथळ रेषा आधी जातात, म्हणजे चंद्राजवळचं आकाश. ते फिकं पडू लागलं की आवृत्ती तिथेच थांबवावी. फार प्रती हव्या असतील तर पहिल्या काही छापांनंतरच प्लेटवर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा पातळ थर चढवून घ्यावा. काम संपल्यावर रेषांतली शाई जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने पूर्ण काढा, कारण वाळलेली शाई पुढच्या वेळी भोकांच्या कडा खरवडल्याशिवाय निघत नाही. मग प्लेटवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवून ती बटर पेपरमध्ये गुंडाळून सपाट ठेवा.